पहिल्या बेसवर कोणीच नव्हतं

टीव्हीवर बेसबॉल, मेट्स विरुद्ध ब्रेव्ह्ज. चेंडू मेट्सच्या अलोन्सोने अडवला, टाकायला वळला, तर पहिल्या बेसवर कोणीच नाही. मेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) दियाझ तिकडे धावलाच नव्हता!

पुढे ब्रेव्ह्जच्या अल्बीजचा फटका, ३ धावा, ब्रेव्ह्ज ७, मेट्स ६. याच आठव्या इनिंगमध्ये मेट्सने ०-३ वरून ६ धावा काढल्या होत्या. मी वैतागून रिमोट उचलला.

"अरे थांब, अजून आपली बॅटिंग आहे ना?" बाबा. साताऱ्याहून येऊन पाच आठवडे झालेत, आणि मेट्स 'आपले'!

नवव्या इनिंगमध्ये मेट्सच्या लिंडोरने (पाठदुखीने बेजार होता हो) दोन धावांचा होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला. ८-७. मी ओरडलो, बाबा मात्र स्क्रीनकडे बघत म्हणाले, "परत तोच? आत्ता घोळ घातला तो?"

हो, दियाझच. मॅनेजरने त्यालाच पुढे ठेवलं आणि त्यानेच मॅच संपवली. मेट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत.

त्याच दिवशीची दुसरी मॅच ब्रेव्ह्जने ३-० जिंकली, तेही प्लेऑफमध्ये. उरलेल्या दोन्ही जागा गेल्या, तिसरा दावेदार ॲरिझोना बाहेर. "आज एकही बॉल न खेळता?" हे बाबांना काही केल्या पटेना.

मला मात्र सकाळची मीटिंग आठवत राहिली. टीममधल्या नव्या मुलाकडून एक चूक झाली, आणि मी ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. तो फक्त "ओके" म्हणाला.

त्याला मेसेज लिहून ठेवलाय. अजून पाठवला नाही. तुम्ही काय केलं असतं?