तीनशे बारा फोटो, सगळे राखाडी

कॅमेरा घेतला तेव्हा आईने विचारलं होतं, फोनमध्ये कॅमेरा नाहीये का? प्रश्न रास्त होता आणि पुढचे तीन-चार महिने माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, कारण माझ्या फोनने काढलेले फोटो माझ्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंपेक्षा खरंच चांगले यायचे. ऑफिसमधला एक जण त्याचा कॅनन १५००डी विकत होता, सोबत १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येते ती), बॅग आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड फुकट. म्हटलं ट्रेकला जातोच आपण, आता जरा बरे फोटो काढू. झालं, घेतला.

पहिलाच ट्रेक हरिश्चंद्रगड, पाचनईकडून, तोही जुलैत. आता हसू येतं. म्हणजे शिकायला कोणी निवडणार नाही अशी जागा आणि असा महिना. मी कोकणकड्याचे फोटो बघून गेले होते, तो अर्धवर्तुळाकार आत वळलेला काळा कडा आणि खाली कोकण, तसाच फोटो काढायचा होता मला. वर पोचलो तर समोर पांढरा पडदा. कडा कुठे संपतो तेही दिसेना, मग आम्ही गप दहा फूट मागे बसून राहिलो. पण नवा कॅमेरा हातात असताना कोण गप बसतंय, मी धुक्याचे फोटो काढले, झाडांचे काढले, मंदिराचे, चिखलाचे, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या रेनकोटचे. घरी येऊन मोजले तर तीनशे बारा. आणि सगळे राखाडी. धुकं पांढरंशुभ्र होतं हो, डोळ्यांनी बघितलेलं मी, पण फोटोत सगळीकडे कळकट्ट, जसं काही कोणी लेन्सवर ओलं फडकं टाकलंय.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, त्याला सगळे सर म्हणतात. शिकवत-बिकवत कुठे नाही, लोकांच्या चुका काढतो म्हणून सर. त्याला फोटो दाखवले. मला वाटलं म्हणेल लेन्स बदल. तर म्हणाला, "कॅमेऱ्याला काय माहीत गं समोर धुकं आहे का सिमेंटची भिंत?" मग त्याने जे सांगितलं ते मला कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतून तीनदा वाचूनही कळलं नव्हतं. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून सरासरी मध्यम राखाडी आहे. समोर भरपूर पांढरं आलं की त्याला वाटतं बापरे फार उजेड झाला, आणि तो फोटो काळपट करतो. उलट सगळा काळा कातळ समोर असला की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो कातळ भुरका करून टाकतो. म्हणजे सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या माणसाचा कॅमेरा दिवसभर चुकतच असतो, एकदा धुक्यात आणि एकदा कातळात. उपाय अगदी साधा निघाला. मागचं एव्ही लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं, धुकं असेल तर प्लस एकपर्यंत म्हणजे उजळ, कधी त्याच्याही पुढे, काळा कातळ असेल तर मायनस म्हणजे गडद. आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर भरवसा ठेवायचा नाही कारण अंधारात स्क्रीन नेहमीच झगमगीत दिसते आणि उन्हात काहीच दिसत नाही. हिस्टोग्राम बघायचा, म्हणजे फोटोत काळं किती, पांढरं किती ते दाखवणारं चित्र. तो डोंगरासारखा आलेख मी तोपर्यंत दिसला की बंद करायचे.

तीनशे बारा फोटो आणि एक बटण. त्या रात्री झोप लागेना मला.

बरं त्या ट्रेकचा हिशोब तिथेच संपला नाही. ओली बॅग आणून तशीच कपाटात ठेवून दिली, पुढचे तीन आठवडे ऑफिसच्या धबडग्यात उघडलीच नाही. उघडली तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! काचेला पण बुरशी लागते हे मला माहीतच नव्हतं, आपल्याकडे लोणच्याला लागते, चपलेला लागते, पण काचेला? दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून साफ केली, दीड हजार घेतले आणि वर पुण्याच्या पावसावर एक भाषण दिलं. तेव्हापासून कॅमेरा आईच्या पापडाच्या डब्यात राहतो, घट्ट झाकणाचा तो मोठा, आत सिलिका जेलच्या पुड्या, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. पापड आता पिशवीत राहतात आणि मऊ पडतात आणि ते ऐकावं लागतं.

पावसात कॅमेरा काढायचाच असेल तर मी हॉटेलातली ती आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवते त्याच्यावर. लेन्सपुरतं भोक पाडायचं आणि वरून रबरबँड लावायचा. महागडं रेनकव्हर पण असतं म्हणे, असेल. आणि पुसायला जुना सुती पंचा, जुनाच, नवीन पंचा पाणी नुसतं पसरवतो.

मग मधले दोन-तीन महिने मी कुठे गेलेच नाही फारशी. संध्याकाळी वेताळ टेकडी, रविवारी पहाटे मंडई. एवढंच. सरने अट घातली होती की महिनाभर ऑटो मोडला हात लावायचा नाही. टेकडीवर धावणारी माणसं शटर एक भागिले तीस सेकंद उघडं ठेवलं की कशी पुसट होतात आणि एक भागिले पाचशेला कशी हवेत थिजतात ते मी तिथेच शिकले. मंडईत भाजीवाल्या मावश्या आधी विचारायच्या कशाला पाहिजे फोटो, पेपरात येणार का? नाही म्हटलं की त्यांचा इंटरेस्ट संपायचा आणि मग खरे फोटो मिळायचे.

सप्टेंबरात कास पठार पण करून आले, साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर, ऑनलाइन बुकिंग वगैरे सगळं रीतसर. पण स्लॉट मिळाला भर दुपारचा. डोक्यावर ऊन, तेरडा गुलाबी नाही तर पांढुरका दिसत होता, सोनकीचा पिवळा रंग जळून गेलेला. मग एक ढग आला. पाच-सात मिनिटं असेल. आणि त्या पाच मिनिटांत सगळे रंग जाग्यावर आले, सीतेची आसवं म्हणजे ती इवलीशी निळी-जांभळी फुलं, ती तर तोपर्यंत दिसलीच नव्हती मला. बाकीचे लोक म्हणत होते काय यार ऊन गेलं. फुलांना ढगाळ उजेडच लागतो हे तिथे कळलं ते कळलं. वाट सोडून फुलांत शिरून आडवी पडणारी माणसं पण तिथेच दिसली, सेल्फीसाठी. त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल.

दिवाळीत परत हरिश्चंद्रगड. ग्रुपमधले म्हणाले अगं तिथेच काय सारखं, एवढे किल्ले पडलेत. पण मला तो राखाडी फोटो खात होता. तारीख कालनिर्णय बघून ठरवली, भाऊबीजेनंतरचा शनिवार, म्हणजे चंद्र कोवळा आणि साडेनऊच्या सुमारास मावळणारा. ताऱ्यांचे फोटो काढायचे होते. पाठ करून गेले होते सगळं: पृथ्वी फिरते म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, तर पाचशेला लेन्सच्या मिलीमीटरने भागायचं, आणि आपला सेन्सर छोटा म्हणून आधी मिलीमीटरला १.६ ने गुणायचं. अठराला १.६ ने गुणलं की साधारण एकोणतीस, पाचशे भागिले एकोणतीस सतरा, म्हणजे पंधरा सेकंद धरू. एफ/३.५ म्हणजे लेन्सचं भोक जमेल तेवढं उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा, ३२००. कागदावर लिहून खिशात.

चंद्र गेला. कडा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे समोर श्रवणचा तारा, उजवीकडे अभिजितचा, आणि मधून आकाशगंगेचा फिकट पट्टा कोकणात उतरलेला. मी चाळीस फोटो काढले, स्क्रीनवर मस्त दिसत होते, नाचायची बाकी होते. मग सरने एक फोटो झूम करून दाखवला. तारे कुठे, साबुदाणे! अंधारात ऑटोफोकस चालत नाही म्हणून मी मॅन्युअलवर टाकलं होतं, फोकस लावला पण होता, आणि मग थंडी वाजली म्हणून स्वेटर घालताना कोपर लागून रिंग फिरली. चाळीसच्या चाळीस साबुदाणे. परत लाइव्ह व्ह्यू म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघणं, परत अभिजित दहापट मोठा करून रिंग तीळतीळ फिरवायची, तो बारीक टिंब होईपर्यंत. यावेळी रिंगवर चिकटपट्टी लावली. ट्रायपॉडला खालून सॅक अडकवली, वारा होता. आणि तरी साडेअकरापासून लेन्सवर दव बसायला लागलं आणि खेळ संपला. चांगले फोटो आले सहा. त्यातल्या दोनात कोणाचातरी टॉर्च.

सकाळी केदारेश्वरच्या गुहेत पण प्रयत्न केला, तो मात्र अजून जमलेला नाही. आत मिट्ट अंधार, बाहेर लख्ख उजेड, मधे गार पाण्यात ती भलीमोठी पिंड आणि चारातला उरलेला एकच खांब. आतलं दिसेल असं केलं की बाहेरचं पांढरं फट्ट, बाहेरचं धरलं की आत नुसतं डांबर. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन काढून जोडतात असं कळलंय, पण पाण्यात उभ्या माणसांची रांग असते आणि ती तीन फोटोंत तीन जागी सरकते.

उतरून पाचनईत आलो. ज्यांच्याकडे जेवायची सोय केली होती त्यांचं घर आतून अंधारं, एकच दार, दारातून येणारा उजेड थेट चुलीवर. काकू भाकरी थापत होत्या. धूर उजेडात निळसर दिसत होता आणि पिठाचे हात. माझ्याकडे तोपर्यंत ५० ची लेन्स आली होती, एफ/१.८ वाली, स्वस्त मिळते ती, पण ह्या कॅमेऱ्यावर ती ऐंशीसारखी वागते, समोरचं जास्त जवळ येतं, म्हणून मागे मागे सरकत मी कणगीला जाऊन आपटले. काकू म्हणाल्या, "अगं पोरी, कणगी पाडशील. आणि माझा काय फोटू काढती, थांब जरा पदर घेऊ दे." पदर घेतला आणि ताठ बसल्या, पासपोर्ट फोटोसारख्या. तो काढला. मग कॅमेरा मांडीवर ठेवून मी नुसती गप्पा मारत बसले, पिठल्यात ओला लसूण घालता का वगैरे, आणि त्या परत भाकरीत गुंतल्या तेव्हा चार काढले. आयएसओ १६००, एफ/२, एक भागिले ऐंशी. चौथ्यात भाकरी तव्यावर टाकतानाचा हात किंचित हललेला आणि चेहरा अगदी स्थिर. तो.

कॅमेरा घेतल्यापासून पहिल्यांदा आईला उत्तर मिळालं होतं. म्हणजे तिने तो फोटो बघितला आणि म्हणाली, चूल लिंपलीय छान.

जाताना दादांनी, म्हणजे काकूंच्या मुलाने, सांगितलं, "ताई, कड्यावर इंद्रवज्र बघायचं असेल तर पाऊस सरतानाच्या दिवसांत या, सकाळच्याला." इंद्रवज्र म्हणजे इंद्रधनुष्यासारखं पूर्ण गोल रंगीत कडं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने ते इथे बघितल्याची गोष्ट गडावर प्रत्येक जण सांगतो. सूर्य पाठीमागे हवा आणि समोर खाली धुकं हवं, कडा पश्चिमेकडे म्हणून सकाळच. तर पुढच्या सप्टेंबरात मी तिसऱ्यांदा गेले. सात वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत बसले कड्यावर. धुकं होतं तेव्हा ऊन नव्हतं, ऊन आलं तेव्हा धुकं पळालं. तीन तासांत एकदाच, चार-पाच सेकंद, धुक्याला मधोमध भोक पडलं आणि पलीकडच्या टोकावर लाल रेनकोट घातलेला कोणीतरी उभा दिसला, मुंगीएवढा. तो काळा कडा, पांढरं धुकं आणि ती लाल मुंगी. कॅमेरा आधीच प्लस एकवर लावून मांडीवर तयार होता, दोन फोटो मिळाले. धुकं पांढरं आलंय. पांढरं!

येताना काकूंसाठी त्यांच्या भाकरीच्या त्या फोटोची आठ बाय बाराची प्रिंट नेली होती. पहिली प्रिंट काळीकुट्ट आली, लॅपटॉपची स्क्रीन मी फुल उजेडावर ठेवून एडिट करते त्याचा परिणाम, दुसरी उजळ करून काढली. काकूंनी हात पदराला पुसले, प्रिंट दारात उजेडाला नेली, लांब धरली, जवळ धरली.

"हात हाललाय ह्यात," म्हणाल्या.

मी म्हटलं काकू तोच तर... आणि मग काही बोलले नाही. दादांनी ती गणपतीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावली, आणि काकूंनी विचारलं, "ती दुसरी कुठंय, पदर घेतलेली?"

तीच नेमकी डिलीट केली होती मी.