वेंगन जवळजवळ ठरलं, आणि घरवाटेचं कोडं सुटलं

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये आमच्या स्कीच्या सुट्टीसाठी ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल पक्कं म्हणून सांगितलं होतं. ते रद्द. बर्फाची अडचण नाही, पैशांचीही नाही. अडचण आहे शनिवारची. आमच्या दोघांच्या रजा जुळतात त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रविवार ते शुक्रवार, पाच रात्री. अपार्टमेंटवाल्यांना हवेत शनिवार ते शनिवार. एका मालकाने हो म्हटलं आणि चार दिवसांनी शब्द फिरवला. इतक्या रात्री बसून केलेला तक्ता पाण्यात गेला म्हणून मला अक्षरशः रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तोच तक्ता पुन्हा उघडला आणि लक्षात आलं की माझा मुख्य रकानाच चुकीचा होता.

मी सगळी गावं उंचीनुसार लावली होती. व्हाल तोरॉन्स 2300 मीटर, ओबरगुर्गल 1930, सास-फे 1800, आणि तळाला स्वित्झर्लंडमधलं वेंगन 1274. मार्चअखेरीला बर्फ टिकायचा तर गाव उंचावर हवं, हे आपलं नेहमीचं गणित. पण आमचा खरा प्रश्न बर्फाचा कधी नव्हताच. प्रश्न होता घरवाटेचा, म्हणजे दिवसअखेर डोंगरावरून गावात परतायच्या वाटेचा.

गेल्या वर्षीचा प्रसंग जुन्या लोकांना आठवत असेल. माझा चौथा सीझन, नवऱ्याचा पहिला. वरच्या रुंद ब्लूवर, म्हणजे सोप्या उतारावर, तो छान पिझ्झा करत (स्कीची पुढची टोकं जुळवून, मागची फाकवून) उतरत होता. दुपारी साडेतीनला गावाकडे निघालो, नकाशावर तीही ब्लूच. झाडीतली अरुंद वाट, दिवसभर वितळून खिचडी झालेला बर्फ, मध्ये गुडघ्याएवढे ढिगारे. एका वळणावर तो थांबला तो थांबलाच. खालची स्की आडवी रोवलेली, दोन्ही काठ्यांवर भार, गॉगलच्या आत वाफ, आणि मागून येणारे लोक सूं करत शेजारून जात होते. शेवटी स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि स्कीबूटांत पाऊण तास चालत गाव गाठलं. दोन दिवस त्याने स्कीचं नाव काढलं नाही. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ऑस्ट्रिया-जर्मनीच्या नियमात ब्लू म्हणजे 25 टक्क्यांपर्यंतचा उतार, रेड 40 पर्यंत. पण छोटे टप्पे याला अपवाद असू शकतात, आणि नवशिक्याची नेमकी तिथेच गाळण उडते. शिवाय रंग उतार सांगतो, त्या वेळचा बर्फ सांगत नाही. मार्चअखेरीला रात्री गोठलेलं सकाळी काचेसारखं कडक, दुपारी पिठल्यासारखं. कुठला उतार कधी मऊ पडतो ते त्याच्या दिशेवर. पूर्वेकडचा आधी, पश्चिमेकडचा उशिरा, उत्तरेकडचा सर्वांत शेवटी.

म्हणून तक्त्यात नवा रकाना घातला: दिवस संपल्यावर स्की न करता खाली येता येतं का, आणि जेवायला दोघं एका टेबलावर पोचतो का? बघता बघता यादी अर्धी झाली. झरमाट यात पास होतं, सुनेग्गाची भुयारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) 2288 मीटरवरून थेट गावात आणते. पण खोलीचे दर बघून तो टॅब बंद केला.

आणि वेंगन यादीच्या तळातून थेट वर आलं. गावात गाड्याच नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची रेल्वे. तीच पुढे वेंगनआल्पवरून 2061 मीटरवरच्या क्लाइनं शायडेगला जाते. 1893 पासूनची ही लाइन आज स्कीवाल्यांची लिफ्ट आहे! मी रेडवर, तो गाडीत, आणि दीड वाजता दोघं आयगर शिखराच्या उत्तर भिंतीसमोर सूप पीत. परतीला बर्फ खराब असेल तर स्की गाडीत ठेवायच्या आणि खिडकीशी बसायचं. त्यामुळे गावाची उंची आमच्यापुरती गौण ठरते. अगदी पहिल्या धड्यांचा उतारही गावातच आहे.

दिवसाचा आराखडाही बसला. सकाळी केबल कारने वेंगनच्या वरच्या मॅन्लिखन डोंगरावर. तिथून ग्रिंडेलवाल्डच्या बाजूचे उतार सौम्य, रुंद आणि पूर्वेकडचे, म्हणजे दहा-साडेदहाला बर्फ नुकता सैलावलेला. जेवणानंतर शायडेग-वेंगनची बाजू. लाउबरहॉर्नचा साडेचार किलोमीटरचा शर्यतीचा मार्ग याच बाजूने येतो आणि एका ठिकाणी रेल्वेच्या पुलाखालून जातो. तो पूल मला डोळ्यांनी बघायचाच आहे.

छोटा आनंद: नवऱ्याचे बूट घेतले. भाड्याच्या बुटांवर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. स्की भाड्याने चालतील, बूट स्वतःचेच हवेत. फिटरने तासभर घेतला. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकतो, गुडघे वाकवले की सुटतो, तेच बरोबर माप. तो घरात वीस मिनिटं बूट घालून हिंडला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी हे असते तर?" मला एवढंच ऐकायचं होतं.

टी-बार, म्हणजे दोघांना एका आडव्या दांडीने ओढत वर नेणारी लिफ्ट, वापरणाऱ्यांना विनंती: माझी उंची पाच फूट एक, त्याची पाच अकरा. दांडी त्याच्या मांड्यांना लागते तेव्हा माझ्या पाठीत घुसते. यावर कुणाकडे उपाय आहे का? सध्या तरी वेगवेगळे चढतो.

हे लिहितानाच सुचलं: त्याच्यासाठी पाचही दिवसांचा लिफ्टचा पास कशाला? एक दिवस स्की, एक दिवस घसरगाडी. शायडेगवरून वेंगनकडे घसरगाडीची वाट आहे, आणि मॅन्लिखन ते शायडेग हिवाळी पायवाटही. दर दिवसाआड त्याचे पाय मोकळे होतील आणि मला एक सकाळ मनसोक्त रेड मिळेल. म्हणजे त्याचे सुटे पास घ्यायचे. हिशोब आज रात्री पुन्हा मांडते. डोंगरावरच्या सुटकेचा विमा मात्र दोघांचाही, त्यात काटछाट नाही.

हॉटेलचं म्हणाल तर रविवार ते शुक्रवार द्यायला एक तयार आहे, हाफ बोर्डसह (नाश्ता आणि रात्रीचं जेवण). स्वयंपाकघर नाही, म्हणजे भाजणी घरीच राहणार. तिळाच्या मऊ वड्या नेणार. चॉकलेट थंडीत दगड होतं, या खिशात मऊ राहतात.

खोली शुक्रवारपर्यंत धरून ठेवली आहे. मार्चअखेरीला वेंगनआल्पच्या खालचा टप्पा दुपारी तीनला कुणी केला असेल तर त्याआधी सांगा. नवरा विचारतोय, आणि या वेळी विचारताना त्याचा आवाज उत्साहाचा आहे.