एकसष्ट जीबी नुसतं ऐकायचं सामान

परवा लॅपटॉपने लाल पट्टी दाखवली. दोन जीबी शिल्लक. लॅपटॉप तसा जुनाच आहे, १२८ जीबीची एसएसडी, त्यातले विंडोज दाखवतं ११९च, (चोरी वगैरे काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढंच) आणि त्या ११९ मधले ६१ जीबी ‘ऐकायचं’ नावाच्या एका फोल्डरने खाल्लेले. म्हणजे अर्ध्याहून जास्त घर पाहुण्यांचं.

मी स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, बसमध्ये, सगळीकडे पुस्तकं ऐकते. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून त्यांच्यासाठीही गोळा करते. आणि गोळा करणारा माणूस मोजत नाही हो, डाऊनलोड दाबतो आणि पुढे जातो.

तर एका रविवारी विनडिरस्टॅट टाकून बघितलं. ते रंगीत चौकोन काढून दाखवतं, जितकी फाईल मोठी तितका चौकोन मोठा. पहिली लाज इथेच वाटली, कारण ९ जीबी नुसत्या झिप होत्या. उघडून आतली एमपी३ बाहेर काढलेली आणि झिप तशीच पडलेली. एमपी३ मुळातच दाबलेली असते त्यामुळे झिपमध्ये ती लहान होत नाही, म्हणजे अक्षरशः तेच सामान दोनदा. दुसरी लाज, लिब्रीव्हॉक्सची पुस्तकं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००५ला सुरू झालेला उद्योग आहे, कॉपीराईट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात आणि फुकट देतात, फाईली इंटरनेट अर्काइव्हवर असतात. इंग्रजीचा तर समुद्र आहे. तिथे एकच पुस्तक ६४ केबीपीएस आणि १२८ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला किती किलोबिट, आकडा मोठा तर फाईल मोठी) अशा दोन्हींत मिळतं, आणि मी हावरटासारखं ‘सगळं उतरवा’ दाबलेलं. त्या जादा प्रती ६ जीबी. झिप आणि या जादा प्रती उडवल्या, रिसायकल बिन रिकामी केली (ती न करता ‘जागा का वाढत नाही’ म्हणून मी वीस मिनिटं वैतागले होते, हे कुणाला सांगू नका) आणि १५ जीबी मोकळे.

आता उरलेलं. २५ जीबी १२८ केबीपीएसच्या एमपी३. इथे जरा हिशेब करू या कारण हा हिशेब मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला साधारण ५७ एमबी. गाण्यासाठी ठीक. पण एक माणूस शांतपणे वाचतोय, मागे तबला नाही पेटी नाही, त्याला एवढं कशाला लागतं? ओपस नावाचा फॉरमॅट आहे, २०१२ला आला, व्हॉट्सॲपवर मावशी ज्या चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवते त्या ओपसच असतात. त्यात २४ केबीपीएस आणि मोनो (डावं-उजवं वेगळं न ठेवता एकच आवाज) केलं तर तासाला ११ एमबीसुद्धा होत नाही. एक प्रकरण करून बघितलं, हेडफोन लावून दोन्ही आलटून पालटून ऐकलं, निवेदकाच्या स, श मध्ये किंचित फरक जाणवतो, तोही शोधायला गेलं तर. भांडी घासताना कोण शोधतंय.

हे बदलायचं काम एफएफएमपेग नावाच्या, कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रामने केलं. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर बटणंवाले प्रोग्रामही आहेत, पण कमांड एकदा जमली की पूर्ण फोल्डर रात्रभर आपोआप होतो. मात्र आधी मोकळी जागा लागते, नवी फाईल तयार होईपर्यंत जुनी असतेच ना. मी शहाणपणा करून सगळं एकदम लावलं, नव्या फाईली आणि वर विंडोजचं स्वतःचं काहीतरी अपडेट, मिळून पहाटे डिस्क भरली आणि शेवटच्या कितीतरी फाईली शून्य केबीच्या. जुनं उडवलं नव्हतं म्हणून वाचले. मग एकेक पुस्तक, आउटपुट थेट एसडी कार्डावर, आणि मूळ काढायच्या आधी दोन्हींची एकूण वेळ जुळते का ते बघणं. सव्वाअकरा तासांचं पुस्तक नवीन फाईलीत साडेदहा तासांचं दिसलं तर काहीतरी गळालंय. २५ जीबीचे झाले पावणेपाच.

एसडी कार्डावरून आठवलं. पहिलं कार्ड मी रस्त्यावरून स्वस्तात घेतलं होतं, वर छापलेलं २५६ जीबी, आत खरे ३२. अशी कार्डं लॅपटॉपला खोटं सांगतात, कॉपी होताना सगळं नीट दिसतं आणि उघडायला गेलं की फाईल चालत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो आणि खरं किती ते सांगतो. नवीन कार्ड आणलं की आधी तो, मग हळद-कुंकू.

बाबांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे पेनड्राईव्ह लागणारा छोटा स्पीकर आहे, तो ओपस ओळखत नाही, एमपी३च हवं, आणि पेनड्राईव्ह फॅट३२ (फॉरमॅट करायची एक जुनी पद्धत) हवा. त्यांच्यासाठी ४८ केबीपीएस मोनो एमपी३ करते, तासाला २२ एमबी, ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर साडेतीनशे तास बसतात, वर्ष जाईल. तर पहिलं पुस्तक दिलं, दुपारी बाबा आतून हाक मारतायत, ‘अगं, ह्याला मघाशी मारला ना? हा परत कसा चहा पितोय?’ बघते तर प्रकरणं १, १०, ११, १२ आणि मग २. फाईलींना ०१, ०२ अशी नावं दिली. तरीही उलटसुलट! मग कळलं की असले स्वस्त स्पीकर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाईली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. आता पेनड्राईव्ह फॉरमॅट करून फाईली ओळीने, एकेक करून टाकते. बाबा म्हणाले, मला वाटलं नवीन पद्धतीची कादंबरी आहे.

राहिल्या कॅसेटी. २१ जीबी. गावच्या देवळातल्या उत्सवातली कीर्तनं, बाबांनी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरलेली, नव्वद मिनिटांच्या बावीस. गेल्या वर्षी मी कॅसेट डेक जोडून वेव्हमध्ये (म्हणजे अजिबात न दाबलेल्या फाईलीत) उतरवल्या, एका कॅसेटीला साधारण साडेनऊशे एमबी.

ओपसची नशा चढलेली होती. त्यातल्या तीन मी त्याच २४ केबीपीएसने दाबल्या, पहिली दोन मिनिटं ऐकली (बुवांचं बोलणं, स्वच्छ) आणि वेव्ह उडवल्या. चार दिवसांनी पुढे ऐकलं. बुवांनी अभंग घेतला आणि पेटी पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी. आणि झांज तर झांजच नाही, नुसतं स्स्स. आमचे आजोबा, बाबांचे नाना, झांज वाजवायचे. त्या कॅसेटींवर आजोबा म्हणजे तेवढंच, ते कुठेही बोलत नाहीत. बोलण्याला पुरतं ते झांजेला पुरत नाही, वरचा सगळा किणकिणाट कापला जातो, हे डोक्यात यायला हवं होतं. दोन कॅसेटी परत उतरवता आल्या. तिसरी गेल्या वर्षीच डेकने खाल्ली होती, उतरवून झाल्यावर बाहेर काढताना फीत गुंडाळली आणि तुटली, आणि मी ‘आता काय, उतरवून तर झालीये’ म्हणून टाकूनसुद्धा दिली.

बाबांना ती ऐकवली. म्हणाले, नाना त्या दिवशी मागे बसले असतील. मी काही बोलले नाही.

बाकीच्या एकवीस फ्लॅकमध्ये ठेवल्यात. त्यात काही कापलं जात नाही, हवं तेव्हा परत तशीच्या तशी वेव्ह करता येते. टेपरेकॉर्डर मोनो होता, म्हणजे डावं-उजवं दोन्हीकडे तेच, एक बाजू टाकली की निम्मं तिथेच होतं. फितीच्या खरखरीमुळे फ्लॅक फार आवळत नाही, तरी सगळं मिळून साडेसहा जीबीत बसलं. त्याची एक प्रत कार्डावर, एक भावाकडे नागपूरला हार्डडिस्कवर. इंग्रजी कादंबऱ्यांची प्रत कुठेच ठेवत नाही, त्या परत मिळतील.

अजून चार कॅसेटी ट्रंकेत सापडल्यात, एकीवर आजोबांच्या अक्षरात ‘गोपाळकाला’ लिहिलंय. पण डेकचा रबरी बेल्ट सैल झालाय, बुवा मध्येच झोपेत असल्यासारखे बोलतात. सांगली-मिरजेत कुणी बेल्ट बदलून देणारा अजून बसत असेल तर सांगा, तोवर त्या डेकला मी हातही लावणार नाहीये.