‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’: पी पफरला खायला लावताना आलेला माझा अनुभव

नवा मासा खात नाही म्हणून दुकानात फोन केला की एकच उत्तर येतं. "दोन दिवस उपाशी ठेवा ताई, आपोआप खाईल." गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. पी पफर या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा माशाच्या बाबतीत मात्र हा सल्ला त्याचा जीव घेऊ शकतो. रोज हे मासे विकणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून सगळं लिहून काढतेय.

हा मासा परदेशी नाही, आपल्याच पश्चिम घाटातला आहे. १९४१ साली होरा आणि नायर यांनी केरळच्या पंबा नदीतून त्याची शास्त्रीय नोंद केली. पूर्ण वाढला तरी जेमतेम इंच-सव्वा इंच. पिवळसर हिरवं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून बघायची सवय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. बाजारात येणारे बरेचसे पफर नदीतून पकडून आणलेले असतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही.

टाकी माझ्याकडे आधीपासून चालू होती. चाळीस लिटरची, जावा मॉस आणि वॉलिसनेरिया या पाणवनस्पतींनी भरलेली, फिल्टर चांगला मुरलेला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले. माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य. पफरच्या अंगावर खवले नसतात, त्याला खराब पाणी अजिबात सोसत नाही. त्यामुळे नवी टाकी आणि नवा पफर एकाच दिवशी आणू नका. दुकानातून आणलेल्या पफरची पिशवी वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट लहान बादलीत घेतले आणि हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडलं. शेवटी मासे पेल्याने उचलून टाकीत सोडले. जाळीने पाण्याबाहेर काढलं की घाबरून हवा गिळून फुगतात, आणि ती हवा बाहेर टाकणं त्यांना जड जातं. बादलीतलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. दिवा बंद ठेवला. इथपर्यंत कुठे काही अडलं नाही.

(मासे कुरियरने मागवत असाल तर थेंबाथेंबाने फार वेळ घालवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पाणी आम्ल झालेलं असतं आणि त्यात अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहरी होतो. तापमान जुळलं की मासे लगेच चांगल्या पाण्यात घ्यावेत.)

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच दिलेले बारीक दाणे टाकले आणि तिथेच सगळं अडलं.

मासे दाण्यांकडे बघतच नव्हते असं नाही. उलट फार बारकाईने बघत होते. एक जण दाण्यापाशी येऊन जागच्या जागी थांबायचा, शेपूट एका बाजूला वळवायचा, एक डोळा दाण्यावर आणि दुसरा माझ्यावर. दाणा हलकेच खाली जायचा, तसा तोही त्याच्याबरोबर उतरायचा. मला वाटायचं, आता खाणार. दाणा वाळूवर टेकून स्थिर झाला की तो पाठ फिरवून निघून जायचा. एकाने तोंडात घेतला तर फुर्रकन थुंकला. वाळूवर पडलेले दाणे फुगून मऊ झाले की मी ड्रॉपरने ओढून काढायचे, नाहीतर पाणी बिघडलं असतं.

दुकानात फोन केला. "दोन दिवस उपाशी ठेवा." ठेवले. काही फरक नाही. परत फोन. "अजून दोन दिवस ठेवा, भूक लागली की सगळं खातात." मी म्हटलं, "दादा, पोटं आत गेलीत त्यांची." त्यावर उत्तर, "ताई, हा मासा असाच बारीक असतो."

नाही. हा मासा असाच बारीक नसतो. नीट खाल्लेल्या पफरचं पोट खालून गोलसर दिसतं. समोरून बघितल्यावर डोकं मोठं आणि त्यामागचं अंग सुरकुतल्यासारखं अरुंद दिसलं, तर तो उपासमारीत आहे. इंचभराच्या जिवात साठवून ठेवायला चरबी असते तरी किती? आणि खरं कारण अगदी साधं आहे. ज्याने जन्मभर हलणाऱ्या किड्या-अळ्या आणि गोगलगायीच खाल्ल्या, त्याच्या लेखी स्थिर पडलेला दाणा अन्नच नव्हे. भुकेने मरायला टेकला तरी त्याला तो खडाच दिसणार. उपास घडवून ही समजूत बदलत नाही. अन्न हललं पाहिजे.

मग मी दुकानदाराचा नाद सोडला. आमच्या इमारतीत एक कॉलेजचा मुलगा पाणवनस्पतींची मोठी टाकी करतो. त्याला विचारलं, "तुझ्याकडे गोगलगायी असतात ना रे?" तो म्हणाला, "काकू, पाहिजे तेवढ्या न्या. मी तर रोज काढून फेकतो." झाडांबरोबर फुकट येणाऱ्या त्या बारीक तपकिरी गोगलगायींची त्याने डबी भरून दिली.

त्यातल्या तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या गोगलगायी काचेवर सोडल्या. थोड्या वेळाने एकीने शिंगं बाहेर काढून चढायला सुरुवात केली. सगळ्यात रोडावलेला पफर मॉसमधून बाहेर आला, तिच्यासमोर थबकला, अंग किंचित तिरकं केलं आणि झटक्यात मऊ भागाला चावला. गोगलगाय शंखात शिरली, खाली पडली. हा तिच्या मागोमाग तळापर्यंत गेला, शंख उलटा होईपर्यंत ढोसत राहिला आणि आतलं सगळं ओढून खाल्लं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत वाळूवर रिकामे शंख दिसायला लागले, आणि रात्री त्या रोडक्याचं पोट पहिल्यांदा गोल दिसलं.

हे पी पफर घेणाऱ्याने आधीच करायचं काम आहे: गोगलगायींची वेगळी बरणी. एक प्लास्टिकची बरणी, टाकीतलंच जुनं पाणी, पाणवनस्पतीची एखादी फांदी, आणि उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान किंवा काकडीची चकती. पान सडायच्या आत काढायचं, बाकी त्यांच्या त्या वाढतात. मासे आणण्याआधी तीन-चार आठवडे बरणी सुरू करा.

नुसत्या गोगलगायींवर भागणार नाही, म्हणून मग गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे माशांना घालायच्या लाल अळ्या. तुकडा टाकीच्या पाण्यात विरघळवून घ्यायचा, एक अळी लांब चिमट्यात धरायची आणि पाण्यात हलकेच थरथरवायची. अन्न हलतं असं त्याला वाटलं पाहिजे. आधी चिमट्याला घाबरतात. हात स्थिर ठेवून वाट बघावी लागते, आणि माझ्यासारखीला ते फार कठीण गेलं. पण एकाने ओढली की बाकीचे बघून येतात. आता ड्रॉपर दिसला तरी काचेपाशी गोळा होतात, वरून सोडलेली अळीही पडता पडता टिपतात. दाणे अजूनही खात नाहीत, आणि मी तो हट्ट सोडून दिलाय.

पफरची लहान पिल्लं असतील तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम खडे मीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, तळातून हवा, की दीड दिवसाच्या आत त्यांची पिल्लं निघतात. ती गाळून, साध्या पाण्यात धुऊनच टाका. दुकानात ट्युबिफेक्स नावाचे जिवंत, बारीक लाल किडे मिळतात. पफर त्यावर तुटून पडतात, पण ते घाण पाण्यातून आलेले असतात, मी टाळते. डासांच्या अळ्यांसाठी गच्चीत बादली भरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

एक राहिलंच. खाऊनही मासा बारीकच राहत असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. नदीतून आलेल्या पफरमध्ये हे नेहमीचं आहे. औषध असतं, पण प्रमाण जाणकाराला विचारूनच, आणि वेगळ्या टाकीत. दुसरं म्हणजे ‘शांत मासा आहे’ यावर विश्वास ठेवू नका. नर एकमेकांना हाकलतात, दुबळा मासा कोपऱ्यात दबून राहतो आणि त्यामुळेच खात नाही. झाडं इतकी दाट हवीत की या टोकाच्या माशाला त्या टोकाचा दिसू नये. दुबळ्याला त्याच्या कोपऱ्यात वेगळं भरवा.

आणि पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर यांना खायला घाला." ब्लडवर्म टाकले आणि मासे धावून आले तर घ्या. "आत्ताच घातलंय" म्हणाला, तर वाकून पोटं बघा. पोटं आत गेलेली असली तर सरळ पुढच्या दुकानात जा.