घुबडाच्या गोळीतला जबडा

संग्रहालयातल्या निसर्ग आणि वन्यजीव कुटुंबदिनाला आम्ही चौघे गेलो, ते मुलांना जिवंत घुबड जवळून पाहायला मिळावे म्हणून. सकाळचा प्रवास, दारावरची रांग, धाकट्याने हट्टाने रंगवून घेतलेला वाघाचा मुखवटा आणि फुलपाखरांच्या दालनातली रेटारेटी हे सारे आता एकमेकांत मिसळून गेले आहे.

घुबड मात्र विसरता येत नाही. मागच्या अंगणात, भर उन्हात, पायाला पट्टा बांधून त्याला एका माणसाच्या हातावर बसवले होते आणि प्रत्येक कुटुंब त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेत होते. ते गव्हाणी घुबड होते. त्याच्या दोन्ही कानांची छिद्रे डोक्यावर सारख्या उंचीवर नसतात. त्यामुळे आवाज नेमका कुठून आला हे त्याला कळते आणि मिट्ट काळोखातही केवळ ऐकून ते उंदीर पकडू शकते. ही माहिती तिथल्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती आणि फलकाच्या समोरच ध्वनिवर्धकावरून सोडतीचे क्रमांक पुकारले जात होते. मला त्याचा अतिशय राग आला. आम्ही छायाचित्र न काढता आत परतलो आणि धाकटा बराच वेळ रडत राहिला.

आत जिन्याखाली एक लांबट टेबल होते. त्यावर कागद अंथरून अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या मांडल्या होत्या आणि मागे एक वयस्कर स्वयंसेविका एकट्याच बसल्या होत्या. “ही विष्ठा आहे का?” असे मुलीने विचारताच त्या हसल्या. घुबड लहान भक्ष्य अख्खेच गिळते. मांस पचते, पण हाडे आणि केस पचत नाहीत, ते पोटात दाबले जाऊन त्यांची गोळी होते आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे टाकून देते, असे त्यांनी सांगितले. गोळ्या आधीच भट्टीत तापवून निर्जंतुक केलेल्या होत्या. त्यांनी मुलीच्या हाती चिमटा आणि भिंग दिले आणि त्यानंतरचा जवळजवळ दीड तास आम्ही त्या टेबलापाशीच होतो.

केसांचा लगदा हलक्या हाताने सोडवत गेल्यावर आधी काडीसारख्या फासळ्या निघाल्या, मग मणक्यांचे मणी आणि शेवटी एक पूर्ण जबडा. पुढचे पटाशीचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असली तर तो उंदराच्या कुळातला प्राणी; आणि अशी जागा नसून टोकदार दातांची सलग ओळ असली तर चिचुंद्री. मुलीने भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाली, “आजी, यात दोन उंदीर आहेत आणि एक चिचुंद्री.” आजींनी तपासले. उत्तर बरोबर होते.

मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. गोळी कुठे सापडली, कोणत्या तारखेला आणि कोणाला, हे पिशवीवर पाहून तिने स्वतःच्या अक्षरात लिहायचे होते. “चिठ्ठी हरवली, तर ही नुसती हाडं राहतात, बाळा,” असे म्हणून त्या आम्हाला शेजारच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. तिथल्या खणात कापसावर बहिरी ससाण्याची तांबूस ठिपक्यांची अंडी होती आणि प्रत्येकाखाली फिकट झालेल्या शाईतली तारीख. घरट्यातून अंडी उचलण्याचा हा जुना छंद मला क्रूर वाटतो आणि तसे मी बोललेही. त्यांनी ते मान्य केले, पण पुढे जे सांगितले ते ऐकून मी गप्प झाले.

ब्रिटनमध्ये ससाण्यांच्या घरट्यांत अंडी फुटलेली आढळू लागली, तेव्हा तिथले पक्षी-संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली कवचे मोजली, वजन केली आणि 1967 मध्ये दाखवून दिले की 1947च्या सुमारापासून कवचे एकाएकी पातळ झाली आहेत. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर तेव्हाच पसरला होता. शरीरात त्यापासून बनणाऱ्या घटकामुळे कवचाला पुरेसे कॅल्शियम मिळत नव्हते आणि उबवणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने अंडी फुटत होती. अमेरिकेने 1972 मध्ये शेतीतला डीडीटीचा वापर थांबवला आणि पुढे ससाणे सावरले. कवचांवर तारखा नसत्या, तर हे मोजमाप कोणत्या वर्षाशी जोडणार होते?

दुपारचे बाकीचे कार्यक्रम आम्ही सोडून दिले. घरी आल्यावर मुलीने पलंगाखालचा डबा बाहेर ओढला. चार वर्षांच्या आमच्या भटकंतीत वेचलेले शिंपले, बिया आणि गारगोट्या त्यात होत्या. कागदाच्या पट्ट्या कापून ती एकेक वस्तू माझ्यासमोर धरत विचारू लागली की हे कुठे सापडले, कधी सापडले. दरवेळी तिला घाई करून पुढे चालायला लावणारी मीच होते. एकतीस वस्तूंपैकी मला फक्त दोन सांगता आल्या.