तुम्ही विचारलंत म्हणून : कॅप्टनचा थोरला भाऊ

सौद्याला भेटणारी ओळखीची माणसं, पाहुणेरावळे, पोराचे मित्र, सगळ्यांचा प्रश्न एकच. तुम्ही बागवाले, औषधाच्या वासात दिवस काढणारे. तुम्हाला तो अंतराळयानातला टकल्या कॅप्टन कुठं भेटला? आणि भेटला तर त्याच्यात एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मला तो आवडतो त्याच्या थोरल्या भावामुळं. तो भाऊ द्राक्षबाग बघतो. मीही थोरलाच, आणि तासगावजवळ चार एकर बाग बघतो.

कॅप्टनचं नाव ज्याँ-ल्यूक पिकार्ड. 'स्टार ट्रेक'च्या 'द नेक्स्ट जनरेशन' मालिकेतला, 1987 ते 1994 अशी सात वर्षं चाललेली. गाव फ्रान्समधलं ला बार, बोलणं मात्र पक्क्या इंग्रजासारखं. माणूस हुशार, करारी, पण मनातलं ओठावर येऊ न देणारा. मालिकेच्या सुरुवातीलाच हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगून ठेवतो, मला पोराबाळांत वावरता येत नाही, जरा सांभाळून घे. अधिकारी मंडळी पत्ते कुटायला बसतात, हा जात नाही. जहाजावरची डॉक्टर याच्या जिवलग मित्राची विधवा. तो मित्र याच्याच हाताखाली असताना गेला, आणि त्याचा देह घरी पोचवायचं यालाच आलं. त्या बाईसमोर नाश्त्याला बसतो, पण मनातलं वर्षानुवर्षं बोलत नाही. असल्या माणसाला आमच्याकडं घुम्या म्हणतात. जहाजावर हजारभर माणसं, पण 'अरे' म्हणणारं एक नाही. मग घुमा होणार नाही तर काय होईल?

पुढं बोर्ग नावाची यंत्रमाणसांची टोळी त्याला धरून नेते, अंगात यंत्रं घालते आणि त्याच्याच डोक्यातलं ज्ञान वापरून त्याच्याच लोकांवर चालून जाते. 39 जहाजं जातात, 11 हजारांच्या आसपास माणसं. त्याची सुटका होते, जखमा भरतात, आणि साहेब सुट्टी काढून गावी येतात. हा भाग 1990 च्या ऑक्टोबरातला, नाव 'फॅमिली'. अख्ख्या मालिकेत हा एकच भाग असा आहे की ज्यात जहाजाच्या ब्रिजवरचा, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथला, एकही प्रसंग नाही.

गावी थोरला, रोबेर. बटण दाबलं की ताट पुढं येतं असलं यंत्र तो घरात आणू देत नाही. वाईन बापानं केली तशीच करायची. भाऊ जवळजवळ वीस वर्षांनी आलाय, पण गळ्यात पडणं वगैरे काही नाही, नुसते टोमणे. शेवटी बागेतच दोघं जुंपतात आणि चिखलात लोळतात. (खरं सांगू, पहिल्यांदा बघताना माझं लक्ष वेलींवर होतं. बुडात एवढं पाणी, आणि हे दोघं तुडवतायत.) मग हसायला लागतात, आणि हसता हसता कॅप्टनचा बांध फुटतो. चिखलानं माखलेल्या तोंडानं लहान पोरासारखा रडतो. मला त्यांना थांबवता आलं नाही, मी कमी पडलो, म्हणतो. आणि थोरल्यानं जुंपायच्या आधीच विचारलेलं असतं, मी परत तुझ्याकडं बघावं म्हणून आलास का?

ते ऐकून मी मांडी बदलली.

जहाजावर समुपदेशक बाई आहेत, समोरच्याच्या मनातलं ओळखणाऱ्या. पण बांध फोडला तो चिखलात लोळवणाऱ्या भावानं. कारण त्याला कॅप्टन ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे तो बापाचे नियम मोडूनही सुटणारा धाकटा. त्याचा हेवा वाटायचा, हे तो त्या भांडणात कबूलही करतो. मी आमच्याकडं ते अजून केलेलं नाही. रात्री त्याचं पोरगं झाडाखाली बसून चांदण्या बघतं, तेव्हा हाच माणूस म्हणतो, बघू दे स्वप्नं.

हा भाग मला दाखवला माझ्या धाकट्यानं, 2020 च्या एप्रिलात. लॉकडाऊन लागला तेव्हा माल वेलीवर होता, व्यापारी फिरकेना. ज्याला जमलं त्यानं बेदाण्याला घातला. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा, पण सडण्यापेक्षा बरा. धाकटा पुण्याहून आदल्याच आठवड्यात आलेला. क्रेट उचलला की कंबर धरायचा. डिपिंगचं तेल, म्हणजे वाळवायच्या आधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते, हाताला बसलं की लवकर सुटत नाही. ते हात पँटला पुसत म्हणायचा, "दादा, मिटिंग आहे," आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर जायचा.

आमच्या गच्चीवर रेंज येत नाही. ती येते गोठ्यामागं, चिंचेखाली.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं हे मला माहीत होतं: शेतीत काय ठेवलंय, असं तूच म्हणाला होतास ना?

मग एका रात्री शेडवर, बेदाणा वाळवायच्या रॅकशेजारी क्रेट पालथे घालून बसलो असताना, त्यानं हा भाग लावला. स्वतः शोधून. संपल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फेब्रुवारीतच काढलं, दादा."

मी म्हटलं, "गच्चीवर रेंज येत नाही."

तो हसायला लागला. पुढचं सांगत बसत नाही. चिखल तेवढा नव्हता, एप्रिलात कुठला चिखल.

त्यानंतर बाकीचे भाग मी माझे मीच बघितले. कॅप्टन लगेच मोकळा होतो असं नाही. 1994 च्या शेवटच्या भागात एकदाचा पत्त्यांच्या डावाला येऊन बसतो आणि म्हणतो, हे आधीच करायला हवं होतं. धाकट्याच्या मते तो बदलला 1992 च्या बासरीच्या भागात. त्यात जहाजावरच्या पाऊण तासापेक्षाही कमी वेळात तो एका परक्या गावात बायकापोरांसकट अख्खं आयुष्य जगून येतो, आणि हातात उरते ती बासरी. भाग झकासच आहे, वाद नाही. पण आपलं मत चिखलाला.

धाकट्याला पुढं दुसरीकडं काम लागलं, तो परत पुण्याला गेला. परवा ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत त्याचा फोन.

"दादा, एक सांगायचं राहिलंय. पुढच्या सिनेमात तो थोरला मरतो. आगीत, पोरासकट. तुला मुद्दाम दाखवला नाही."

"आणि बाग?"

"बाग राहते. म्हातारपणी कॅप्टनच येऊन राहतो तिथं. 2020 ला नवी मालिका आली त्यात आहे."

"एकटाच?"

"नाही, दोघं आहेत हाताखाली. परग्रहावरची."

"म्हणजे तिकडं पण गावात गडी मिळत नाहीत."