बिज्याचा नंदी, पोळ्याच्या आत होते का बघू

मागच्या वेळी कुऱ्हाडीचे दांडे केले होते बाभळीचे, तेव्हाच म्हटलं होतं की पुढचं काम जरा मोठं घेईन, तर घेतलं. भाचीसाठी तान्ह्या पोळ्याचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल मिरवतात तो) नंदी करून राहिलो. चाकंवाला, ओढायचा. बाजारात मिळतात ते आंब्याच्या नाही तर कोणत्याही हलक्या लाकडाचे आणि वरून ऑइलपेंट, दुसऱ्या वर्षी पायच निघून येतो.

लाकूड फुकटात भेटलं. मे महिन्यात गोठ्याची कवेलू उतरवून टिना टाकल्या, त्यात जुने खांब निघाले. बाबा म्हणे सगळे सागाचे आहेत. तीन होते सागाचे, चौथा उचलतानाच समजलं की हा वेगळा आहे बाप्पा, दोघांना घाम फुटला. जमिनीत गाडलेल्या भागाचं वरचं पांढरं वाळवीनं पूर्ण खाल्लेलं, हातानं भुगा होत होता, पण आतला गाभा जसाच्या तसा, पटाशी मारली तर टण्ण आवाज. करवत लावली तेव्हा आतून पिवळट तपकिरी रंग आणि त्यात गडद रेघा, आणि माझे घामाचे हात पिवळे झाले. बिजा! पुण्याकडचे लोक बिबळा म्हणतात, आयुर्वेदवाले विजयसार. जंगलात ओळखायचं असलं तर साल चिरली की लाल रक्तासारखा डिंक येतो आणि शेंग चपटी गोल असते, पापडासारखी, मधी बी. पण उभं झाड तोडायचा विषयच नाही, आधीच जंगलात मोठे बिजे कमी राहिले, असं जुनं लाकूड सापडलं तर सोन्यासारखं वापरा.

आपल्याकडं सागाचंच कौतुक. आलापल्ली, बल्लारशाचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, 2023 मधी इथून मिरवणूक काढून लाकूड पाठवलं, चांगलंच आहे. पण त्याच जंगलातल्या बिज्याला कोणी विचारत नाही. म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर दोघांची तुलना केली. 6 बाय 4 बाय 2 इंचाचे दोन ठोकळे, दोन्ही जुने वाळलेले, साग भरला 510 ग्रॅम आणि बिजा 645. म्हणजे घनफुटाला साग साधारण 18 किलो आणि बिजा 23 च्या जवळ. दुकानदार म्हणे लाकूड विकायला आणलं का भाऊ.

आता खरी गंमत रंध्याची. सागावर रंधा फिरवायची सवय, कुरकुरीत लांब लांब चिपा निघतात. बिज्यावर तसाच फिरवला तर एका पट्ट्यात गुळगुळीत आणि लगेच बाजूच्या पट्ट्यात खड्डे, जसे केस उपटले. उलटा फिरवला तर आधीचा पट्टा खराब. अर्धा दिवस रंध्याला शिव्या देण्यात गेला, पातं तीनदा घासलं. मग सुतार काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाबू, हे साग नाही होय. याची रेषा काही वर्षं डावीकडं जाते, मंग उजवीकडं जाते. तू कोणत्याबी बाजूनं गेला तरी अर्धं लाकूड तुझ्या उलटच राहीन." झाड वाढताना तंतूंची रेषा गोल फिरत जाते आणि दिशा बदलत जाते, म्हणून उभ्या चिरलेल्या फळीवर उजेड धरला की फिकट गडद पट्टे चमकतात, साडीच्या पदरासारखे. दिसायला झकास, रंध्याला शत्रू. पण हाच गुण दुसरीकडं कामाचा, असं लाकूड कुऱ्हाडीनं सरळ फाटतच नाही, म्हणून बंडीला, शेतीच्या अवजारांना, ढोलकीच्या खोडाला बिजा चालतो.

उपाय काकांनीच सांगितला. पातं एकदम बारीक काढायचं, केसाएवढं, रंधा थोडा तिरपा धरायचा, आणि शेवटचा हात रंध्यानं मारायचाच नाही, खरडायचं. एक्सो ब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) तुकडा घासून कड सरळ केली, कडेवर स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीनं दाबून बारीक धार वळवली, आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवून ओढत गेलो. भुगा नाही, पातळ चिपा निघाल्या पाहिजेत, भुगा आला म्हणजे धार गेली. अंगठे भाजतात, कापडाची पट्टी बांधा. इतकं सपाट आलं की 80 नंबरचा पॉलिश पेपर वापरलाच नाही, सरळ 150 वरून सुरुवात.

अंगाचा ठोकळा 14 इंच लांब. खांबाच्या मधोमध झाडाचं केंद्र येते त्यामुळे एका बाजूनं फट आधीच होती, ती बाजू पोटाकडं घेतली आणि खालून गिरमिटानं तीन मोठी भोकं पाडून पोट पोकळ केलं. वजनही कमी झालं, नाही तर भाचीला नंदी ओढण्यापेक्षा नंदीनंच भाचीला ओढलं असतं.

चाकांमधी मात्र मूर्खपणा केला. खांबाचे गाजरासारखे काप केले, चार इंचाचे, म्हटलं गोल तर आहेतच. आठवडाभरात दोन चाकं केंद्रापासून कडेपर्यंत उललीत. माहीत होतं तरी केलं. लाकूड गोलाईत जास्त आटते आणि केंद्राकडं कमी, मग तो ताण कुठंतरी निघणारच. दुसऱ्यांदा फळीतून चाकं कापली आणि लेथवर घेतली (लेथ म्हणजे आपला जुगाड, गिरणीची जुनी मोटर आणि लोखंडी पाट्या), मधी दोनदा लाईन गेली पण चारही चाकं एका दिवसात झाली. तोंडाला रुमाल बांधून केलं, याची धूळ बारीक असते आणि नाकात गेली की दिवसभर शिंका.

लेथखालच्या चिपा भाचीनं खेळता खेळता काचेच्या ग्लासात पाण्यात टाकल्या. संध्याकाळी ग्लास खिडकीत होता, समोरून बघितलं तर चहासारखं पिवळं पाणी, आणि ऊन ज्या बाजूनं पडत होतं तिकडून बघितलं तर निळं! मागं काळी पिशवी धरली तर आणखी निळं. हे नवीन नाही, मेक्सिकोहून युरोपात जाणाऱ्या एका लाकडाचं पाणी असंच निळं दिसायचं आणि रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानं 1664 च्या रंगांवरच्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं, आंबट टाकलं की निळं जाते आणि क्षार टाकला की परत येते हेही त्यानं पाहिलं होतं. पुढच्या वेळी लिंबू आणि चुना घेऊन बसतो.

शेजारच्या काकू लगेच ग्लास मागायला आल्या, शुगरसाठी. शुगरवाल्यांना पाणी ठेवून प्यायला बिज्याचे पेले जत्रेत विकतात हे खरं, पण हा खांब पन्नासेक वर्षं गोठ्यात उभा होता, गाईचं मूत पिऊन बसलेला, खिळे ठोकलेला. यातलं पाणी कोणी पिऊ नका, आणि डॉक्टरांची गोळी तर बंदच करू नका, मी लाकडाचा माणूस आहे, दवाईचा नाही.

खिळ्यांवरून आठवलं. खिळा होता तिथं लाकूड दीड इंचापर्यंत काळं निळं झालेलं, खरडून जात नाही. बिज्यात तुरट द्रव्य भरपूर, त्याला लोखंड आणि ओल भेटली की शाई तयार होते. पहिले वैताग आला, मग डोकं चाललं, गंजके खिळे व्हिनेगरमधी चार दिवस ठेवले आणि ते पाणी ब्रशनं खुरांना अन् डोळ्यांना लावलं. पाच मिनिटांत काळे कुळकुळीत. खूर मस्त आले. डोळा बिघडला, पाणी रेषेतून सरकत गेलं आणि नंदी काजळ पसरून रडल्यासारखा दिसून राहिला. आधी कडेनं पटाशीची बारीक खाच मारायला पाहिजे होती म्हणजे पाणी तिथंच थांबलं असतं. एक बाजू खरडून परत केली, दुसरी बाकी आहे.

शिंगं अंगातूनच कोरत होतो, टोकाजवळ रेषा आडवी आली आणि टुक्कन तुटलं. आता बाभळीच्या वाकड्या फांदीची शिंगं वेगळी करून भोकात बसवतो.

फिनिशचं ठरलं होतं, घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, उरलेलं पुसून घ्यायचं, दर हाताला चार पाच दिवस वाळू द्यायचं. तेल लागल्याबरोबर पट्टे असे उठले की फोटोत येत नाहीत. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप गरम होऊन पेटतात, मोकळी पसरून वाळवा.)

इथं प्रॉब्लेम आला. भाची म्हणते नंदी पांढरा असते, पांढराच पाहिजे. तिला पट्टे दाखवले, चमक दाखवली, ती म्हणे हा तर मातीचा दिसते. ताई पण तिच्याच बाजूनं. बरं झालं तेल फक्त एका तुकड्यावर लावून बघितलं होतं. एका जादा चाकावर पाण्यातला पांढरा प्रायमर मारला, सकाळी बघतो तर आतून पिवळे डाग वर आलेले, जसं हळदीचं बोट लागलं. मग दुसऱ्या चाकावर चपडा लाख स्पिरिटमधी विरघळवून दोन हात दिले, पहिल्या हाताला कापूसच पिवळा झाला, दुसऱ्याला कमी, आणि त्यावर प्रायमर. दोन्ही चाकं खिडकीत ठेवली आहेत, बाहेर पाऊस सुरूच आहे. रविवारपर्यंत लाखवालं चाक पांढरं राहिलं तर नंदी पांढरा. नाही राहिलं तर भाचीला समजावायला आजीला पाठवतो.